बुटकी पायरी

माणसाच्या हातून घडलेली प्रत्येक सुंदर वस्तू अखेर साऱ्या मानवजातीची असते आणि तिच्यावर आपलं नाव कोरणं हा निव्वळ क्षुद्रपणा आहे, असं माझं ठाम मत होतं. हे मत मी सात महिने आणि अकरा दिवस बाळगलं. बाराव्या दिवशी माझ्या साडूने माझा जिना नेला.

जिना नेला म्हणजे खांद्यावर टाकून नेला असं नाही. चार मजले चढले की साडूला दहा मिनिटं बोलता येत नाही, तो जिना काय उचलणार. हा जिना संगणकातल्या जगातला होता. त्या जगाचं नाव मी सांगत नाही, कारण त्यांच्या नियमावलीत बदनामीबद्दल एक कलम आहे आणि ती नियमावली पूर्ण वाचलेला मी जगातला बहुधा एकमेव माणूस आहे. निवृत्त सरकारी नोकराला कुठलीही नियमावली दिली की तो ती शेवटपर्यंत वाचतो. सवय जात नाही.

मी बांधकाम खात्यात तेहेतीस वर्षं ड्राफ्ट्समन होतो. आमच्याकडे प्रत्येकाचं टेबल ठरलेलं. माझं टेबल जिन्यांचं, शेजारचं संडासांचं. नव्या इमारतीचा नकाशा आला की त्यातला जिना मी काढायचा. पद्धत अशी होती की इमारत आधी बांधून व्हायची आणि मग आमचा नकाशा मंजूर होऊन यायचा. तोवर ठेकेदाराने आपल्या अंदाजाने जिना घातलेला असायचा. त्यामुळे तेहेतीस वर्षांत मी अकराशेच्या वर जिने काढले आणि त्यातल्या एकावरही कुणाचा पाय पडला नाही. शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ म्हणायचे, "तुझं बरं आहे बाबा, तक्रार येत नाही." त्यांच्याकडे यायच्या.

निवृत्तीच्या दिवशी खात्याने मला भिंतीवरचं घड्याळ दिलं. मी स्वतःहून एक लाकडी मोजपट्टी घेतली. सरकारी मालमत्ता पळवण्याचा माझा हा एकमेव गुन्हा. तेहेतीस वर्षं त्या पट्टीचं शून्याकडचं टोक मी कागदावर टेकवत आलो होतो, त्यामुळे ते टोक झिजून दोन मिलिमीटर कमी झालं होतं. म्हणून माझ्या प्रत्येक नकाशात जमिनीलगतची पहिली पायरी बाकीच्या पायऱ्यांपेक्षा किंचित बुटकी यायची. सगळ्या विभागाला हे ठाऊक होतं. नवी पट्टी मागवायला तीन प्रतींत अर्ज लागायचा, आणि गवंडी नकाशा बघितलाच तर आकडे वाचतो, पट्टी लावत नाही. तेव्हा कुणाचं काही अडलं नाही.

त्या जगात मला नेलं ते भाचीने. भाची म्हणजे साडूची मुलगी. ती एका दवाखान्यात एक्स-रे काढते, त्यामुळे माणसात आत काय मोडलंय ते तिला चटकन दिसतं. एका रविवारी ती माझ्याकडे टक लावून बघत म्हणाली, "काका, तुम्ही भिंतीकडे बघत बसता."

"घड्याळ बघतोय."

"ते बंद आहे."

तिने माझ्या संगणकावर ते जग उघडून दिलं, मला एक शरीर दिलं आणि जिनेकाका असं नाव ठेवलं. त्या जगात जमीन मोकळी, आकाश मोकळं, आणि ज्याला जे हवं ते त्याने बांधावं. घरं, पूल, बागा, काय वाटेल ते. मी पहिल्याच दुपारी त्याच पट्टीने कागदावर जिना काढला, कागदावरचा एक मिलिमीटर म्हणजे तिथला एक सेंटिमीटर अशा मापाने, तो स्कॅन केला आणि त्यावरून गिरवून त्या जगात उभा केला. वीस पायऱ्या, अकरावीनंतर काटकोनात वळण, आणि वळणावर एक छोटी बैठक, दोन माणसं दम खात बसतील एवढी. अशी बैठक मी खात्यात प्रत्येक नकाशात घालायचो आणि साहेब प्रत्येक नकाशातून काढायचे. म्हणायचे, "जिना चढायला असतो, संसार थाटायला नाही." इथे साहेब नव्हते.

जिना झाल्यावर भाचीने मला एक बारीकशी गोष्ट सांगितली. "काका, इथे सगळ्यांना उडता येतं."

"मग?"

"मग काही नाही. जिना छान झालाय."

मला वाटलं, हाही जिना फायलीत गेला. पण दुसऱ्या दिवशी एक अनोळखी बाई आली, जिना चढली, वळणावर बसली, उतरली आणि म्हणाली, असाच मला माझ्या घरात हवा. उडता येणाऱ्या माणसाला जिना हवाय. तेहेतीस वर्षांत ज्यांना उडता येत नव्हतं त्यांनीसुद्धा मागितला नव्हता.

मी तिला दिला. मग तिच्या शेजाऱ्याला दिला. मग सरळ भर चौकात एक कपाट बांधलं, त्यात जिना ठेवला आणि वर पाटी लावली: "घ्या. वापरा. बदला. वाटा. विचारू नका." कर्त्याच्या नावाचा एक रकाना भरावाच लागतो, तिथे मी "कुणीही" असं लिहिलं. हे लिहिताना मला फार उदात्त वाटत होतं. बायको मागे उभी होती. ती म्हणाली, "नाव का नाही घातलंत?"

"वाऱ्यावर कुणाचं नाव असतं का?"

"वाऱ्याला साडू नसतो," ती म्हणाली आणि भाजी निवडायला गेली. हे वाक्य तिने सहज टाकलं होतं. नंतर तिने ते मला निदान चाळीस वेळा आठवून दिलं, त्यामुळे आता ते सहज राहिलेलं नाही.

सहा महिन्यांत माझा जिना चारशेबारा घरांत लागला. एकाने तो उलटा टांगला. एका बाईने तळ्याच्या तळाशी लावला. खाली उतरून ती वळणावर नुसती बसते म्हणाली, बरं वाटतं. एका जोडप्याने तर नुसता जिनाच लावला, घर नाहीच, आणि संध्याकाळी दोघं त्या बैठकीवर बसायची. मी दुपारी बायको पडली की जाऊन हे सगळं बघून यायचो. पहिल्या पायरीशी प्रत्येक जण एक बारीकशी उडी मारायचा. पाऊल अपेक्षेपेक्षा खाली टेकायचं आणि तोल सावरायला शरीर आपोआप हलकंसं उसळायचं. चारशेबारा घरांत माणसं माझ्या झिजलेल्या पट्टीवरून उसळत होती. मला त्याचं काय वाटायचं ते सांगत नाही. या वयात शोभत नाही.

आता साडूविषयी. साडूने आयुष्यभर विक्री केली. पंखे विकले, मग पाणी गाळायची यंत्रं, मग अठरा खंडांचा ज्ञानकोश, मग पुन्हा पंखे. स्वतः एकही वस्तू बनवली नाही आणि दुसऱ्याची एकही विकायची सोडली नाही. माझ्याच लग्नात माझ्याच मामाला त्याने टेबलफॅन विकला होता. माणूस गोड. त्याच्याशी भांडायचं म्हणजे साखरेच्या पोत्याला बुक्की मारायची. हात दुखतो आणि वर मुंग्या लागतात. आम्ही एकमेकांना साडूबुवा म्हणतो, म्हणजे कोण कोणाची टिंगल करतोय हे बघणाऱ्याला कळत नाही.

तो निवृत्त झाला आणि वर्षभरात घरातल्या सगळ्यांना काही ना काही विकून मोकळा झाला. मग मीच म्हणालो, या, तुम्हाला एक जग दाखवतो. सहा गुरुवार तो दुपारी माझ्याकडे येत होता. मी त्याला चालायला शिकवलं, उडायला शिकवलं, वस्तू उचलायला शिकवलं. शरीर निवडताना त्याने सहा फूट उंची आणि खांद्यापर्यंत काळेभोर केस घेतले. टक्कल तो आमच्या खुर्चीतच ठेवून गेला. नाव घेतलं शिखर.

बांधायला मात्र त्याला जमेना. त्याने एक खुर्ची केली, तिच्यावर बसलं की माणूस जमिनीत जायचा.

"साडूबुवा, तुमच्या हातात जादू आहे," तो म्हणाला.

"जादू कसली, सवय आहे. कपाटातून काहीही घ्या आणि फोडून बघा आतून कसं केलंय ते."

"काहीही?"

"पाटी लावलीय ना."

त्याने पाटी पुन्हा एकदा वाचली. ओठ हलवत, शब्द न् शब्द. मला वाटलं, चष्मा बदलायला झालाय.

मग त्या जगात ग्रंथालय बांधायचं ठरलं. मधोमध बुरूज, सात मजली, सगळ्यांचा मिळून. त्यासाठी एकच जिना निवडायचा होता. तो कायमचा राहणार, त्याची प्रत निघणार नाही, कुणी पाडणार नाही, आणि पहिल्या पायरीवर पितळी पट्टीत करणाऱ्याचं नाव. हे वाचलं त्या दिवशी मी जेवताना दोनदा मीठ मागितलं.

"नाव कशाला हवं तुम्हाला?" बायको म्हणाली. "वारा ना तुम्ही?"

"नावाचा प्रश्न नाही. कायमचा राहणार आहे. पाडणार नाहीत."

"हं," ती म्हणाली. चाळीस वर्षांच्या संसारात या 'हं'चे मला सतरा अर्थ कळतात. हा त्यातला सर्वांत कनवाळू होता. खरं तर मला नाव हवं होतं. अकराशे जिने फायलीत गेलेल्या माणसाला एका पायरीवर नाव हवं असेल तर मानवजातीने थोडं सरकून घ्यावं.

मी एक महिना त्याच जिन्यावर काम केलं. कठड्याचे गज बदलले, बैठकीची कड गोल केली. शेवटच्या दिवशी दुपारी जिना पाठवला. तीन सेकंदांत उत्तर आलं: "ही कलाकृती आधीच नोंदलेली आहे. मूळ कर्ता: शिखर."

मी चष्मा पुसला. उत्तर तेच.

पाठोपाठ दुसरं पत्र आलं. मी दुसऱ्याची कलाकृती स्वतःची म्हणून चौकात वाटत असल्याचं आढळलं आहे, ही माझी पहिली चूक समजून ताकीद देण्यात येत आहे, आणि माझ्या वाटलेल्या सर्व प्रती काढून टाकण्यात येत आहेत. बघता बघता चारशेबारा घरांतून जिने नाहीसे झाले. तळ्याखालच्या बाईचा गेला. त्या जोडप्याकडे तर जिन्याशिवाय काही नव्हतंच, ती दोघं हवेत बसून राहिली. वरच्या मजल्यावरची माणसं मला लिहू लागली की आम्ही अडकलोय. त्यांना उडता येत होतं. पण जिन्याची सवय लागली की माणूस पंख विसरतो.

मी स्पर्धेच्या दालनात गेलो. शिखर यांचा जिना मधोमध उभा होता. वीस पायऱ्या, वळण, बैठक. लाकडाचा रंग तेवढा बदलला होता, पोपटी केला होता. मी पहिल्या पायरीवर पाऊल टाकलं आणि उसळलो.

वळणावरच्या बैठकीवर बसून मी बराच वेळ त्या पोपटी रंगाकडे बघत राहिलो. चोरी करतोस तर कर, पण निदान रंग तरी बरा लाव.

मग फोन केला.

"साडूबुवा," तो म्हणाला, "तुमचाच विचार चालला होता. आयुष्य आहे."

"माझा जिना तुम्ही तुमच्या नावावर नोंदवलात."

"हो, नोंदवला."

नाकारेल म्हणून मी तीन वाक्यं तयार ठेवली होती. ती तिन्ही वाया गेली.

"मला विचारलं का नाहीत?"

"पाटीवर लिहिलं होतं ना, विचारू नका. म्हणून नाही विचारलं. तुमच्या शब्दाबाहेर मी कधी गेलोय का?"

"अहो, ते परक्या लोकांसाठी होतं."

"म्हणजे परक्यांना मोकळीक आणि घरच्यांना नाही? हे काही बरोबर नाही वाटत, साडूबुवा."

फोन ठेवल्यावर मला पाच मिनिटं असं वाटत होतं की माझंच चुकलं. पंखे असेच खपतात.

मी तक्रार केली. कलम एकतीसप्रमाणे, तीन प्रतींत, जरी एकच लागत होती तरी. समितीने दोघांनाही बुधवारी दुपारी चार वाजता बोलावलं. भाची सुट्टी काढून माझ्याजवळ येऊन बसली. मी तिला म्हणालो, "तू बाबांना काही विचारलंस का?"

"नाही काका. विचारलं तर ते खरं सांगतील. मग मला त्याच घरात राहायचंय."

समितीत तिघं होते. एक बगळा, एक पाणबुड्या, आणि एक बाई जिला कमरेखाली काहीच नव्हतं, कारण तिच्याकडे नेट मंद होतं. समोर शिखर उभे होते. बायको चहा घेऊन आली आणि पडद्याकडे वाकून म्हणाली, "यातले आपले साडूबुवा कुठले?"

"तो. केसवाला."

"बाई बाई," ती म्हणाली. "ताईला दाखवायला हवं."

बगळा अध्यक्ष होता. तो म्हणाला, "जिनेकाका, तुमच्या कपाटातल्या प्रतीवर कर्त्याचं नाव 'कुणीही' असं आहे. हे खरं?"

"खरं."

"शिखर हे कुणीही या शब्दात बसतात का?"

"बसतात. पण..."

"नोंद घ्या," बगळा म्हणाला.

मी सांगितलं की जिना माझाच आहे याचा पुरावा त्याच्यातच आहे. पहिली पायरी बाकीच्यांपेक्षा दोन सेंटिमीटर बुटकी आहे. ती का बुटकी आहे, हे ज्याने जिना केला त्यालाच माहीत असणार. तुम्ही शिखर यांना विचारा. हा डाव मी रात्रंदिवस घोळवून रचला होता. साडूला पायरी बुटकी आहे हेसुद्धा ठाऊक नसेल, अशी माझी खात्री होती.

पाणबुड्याने जाऊन पायरी मोजली. खरंच बुटकी होती. बगळा शिखरांकडे वळला.

साडू काही क्षण गप्प राहिला. मी हा क्षण ओळखतो. गिऱ्हाईक म्हणतं की पंखा आवाज करतो, तेव्हा तो असाच गप्प राहतो आणि मग म्हणतो की आवाजावरून तर कळतं वारा येतोय.

"माणूस नवीन काही सुरू करताना घाबरलेला असतो," शिखर म्हणाले. "ज्ञानाच्या दाराशी तर जास्तच. म्हणून पहिलं पाऊल सोपं असायला हवं. मी ठरवलं, पहिली पायरी अशी करायची की ती माणसाला म्हणेल, ये, घाबरू नकोस, मी थोडी वाकले आहे तुझ्यासाठी."

कमरेखाली काही नसलेल्या बाईने डोळ्यांना हात लावला. पाणबुड्याने टाळ्या वाजवल्या. माझ्या शेजारी भाचीने कपाळाला हात लावला. खरं सांगायचं तर माझेही हात टाळीसाठी जवळ आले होते. माझ्याच पायरीबद्दल इतकं चांगलं मी कधी ऐकलं नव्हतं.

"जिनेकाका, तुमचं काय म्हणणं?" बगळा म्हणाला. "का बुटकी आहे?"

"माझी पट्टी झिजलेली आहे."

बगळ्याने मान तिरकी केली.

"म्हणजे चूक आहे?"

"हो. पण माझी चूक आहे."

मी धावत स्वयंपाकघरात गेलो. बायकोने ती पट्टी खिडकीच्या फटीत अडकवून ठेवली होती, वाऱ्याने खिडकी आपटू नये म्हणून. ती ओढून काढली तशी खिडकी धाडकन आपटली. परत येऊन मी पट्टी पडद्यासमोर उंच धरली. झिजलेलं टोक पुढे केलं. "बघा," मी म्हणालो. "हे बघा. तेहेतीस वर्षं."

"काका," भाची हळूच म्हणाली, "त्यांना तुम्ही दिसत नाही. जिनेकाका दिसतात."

मी पडद्याकडे बघितलं. जिनेकाकांनी रिकामा हात वर केला होता.

निकाल अर्ध्या तासात लागला. एका बाजूला विचारपूर्वक केलेली रचना आहे आणि दुसऱ्या बाजूला कथित पट्टी आहे. तक्रारदार स्वतःच तिला चूक म्हणतात. जो चूक म्हणतो त्याला श्रेय देणं समितीला अवघड वाटतं. ग्रंथालयात शिखर यांचाच जिना लागेल. जिनेकाकांनी निराश न होता बांधत राहावं.

बायकोने थंड झालेला चहा उचलला. "एवढं सगळं सांगितलंत," ती म्हणाली, "पण त्या पट्टीने तुम्ही नकाशे काढायचात, हे सांगितलंतच नाही." आणि थोड्या वेळाने, "खिडकीला आता काय लावू?"

मी त्या जगात जाणं सोडलं. भिंतीवरचं घड्याळ बंदच होतं, ते बघत बसलो. ग्रंथालयाचं उद्घाटन झालं असं भाचीकडून कळलं. पितळी पट्टी लागली. लोक दुरून दुरून उडत येतात म्हणे आणि जिन्याने वर जातात. मला सगळ्यात टोचत होतं ते वेगळंच. परक्याने नेला असता तर मी चार लोकांत सांगितलं असतं, हसलो असतो. साडूने नेला. ज्याला मी सहा गुरुवार बोट धरून चालायला शिकवलं, त्याने माझं बोट सोडलं तेव्हा अंगठीही नेली. आणि हे कुणाला सांगायची सोय नाही, कारण ऐकणारे सगळे दोघांचेही नातेवाईक.

महिन्याभराने मेहुणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. बायको म्हणाली भेटायला जायलाच हवं. साडूचं घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. बायको सकाळीच पुढे गेली. मी मागून, तिसऱ्या मजल्याच्या वळणावर आलो तर पायरीवर साडू बसलेला. एका हातात दुधाची पिशवी, दुसरा हात छातीवर. दूध आणायला खाली गेला होता आणि इथवर येऊन त्याचा दम संपला होता. टक्कल घामाने चमकत होतं. त्याने मला बघितलं आणि बोटाने खूण केली की बोलता येत नाही.

असा योग आयुष्यात एकदाच येतो. साडू समोर, आणि त्याला दहा मिनिटं बोलता येत नाही.

मी बोललो. उभ्यानेच बोललो. म्हणालो, तुम्ही माझ्या घरात बसून, माझा चहा पिऊन, माझ्याकडून शिकून, माझा जिना नेलात. चारशेबारा लोकांचा काढून घ्यायला लावलात. माझ्यावर चोरीची ताकीद आहे, माझ्याच जिन्याच्या. मला आयुष्यात एकच जिना उभा राहिलेला बघायचा होता, तो राहिला, आणि त्यावर तुमचं नाव आहे. तुमचंसुद्धा नाही, त्या केसवाल्याचं. आणि पोपटी रंग.

साडू मान हलवत ऐकत होता. मध्ये एकदा पिशवी त्याच्या हातातून घसरायला लागली. ती मी कधी धरली ते मला कळलं नाही.

त्याचा श्वास हळूहळू जागेवर आला. तो सरकला आणि पायरीवर त्याने माझ्यासाठी जागा केली. या जिन्याला वळणावर बैठक नव्हती. कुणा ठेकेदाराने आपल्या अंदाजाने घातलेला जिना. मी बसलो.

"विचारलं असतं तर तुम्ही हो म्हणाला असतात," तो म्हणाला. आवाज अजून फाटलेला होता आणि त्यात विक्री नव्हती.

"म्हणालोच असतो."

"मग तो तुम्ही दिलेला जिना झाला असता. मी आयुष्यभर दुसऱ्यांनी दिलेल्याच वस्तू दारोदार नेल्या, साडूबुवा. कुणी कधी विचारलं नाही की पंखा तुम्ही केलाय का. तिथे एक बाई मला म्हणाली, हा तुम्ही केलात? आणि मी हो म्हणालो. बस्स, तेवढंच. नंतर मागे येता येईना."

वरून मेहुणीचा आवाज आला, दूध आणायला गेले की गाय आणायला गेले.

"पायरीबद्दल ते जे बोललात," मी म्हणालो, "ते तिथल्या तिथे सुचलं?"

"तिथल्या तिथे."

"बरं होतं."

"तुमची पायरीच बरी होती."

ही माफी होती की नाही ते मला आजही नक्की सांगता येणार नाही. पण पितळी पट्टीवर कुणाचं का नाव असेना, माझी दोन सेंटिमीटरची चूक त्या बुरुजात कायमची बसली होती, आणि तिथे येणारा प्रत्येक माणूस माझ्या पट्टीवरून उसळत होता. ते कुणाला नेता येणार नव्हतं. एवढ्यावर भागवता येईल, असं माझ्या मनात आलं. मी पिशवी उचलून उभा राहिलो. साडूला हात दिला.

तो उठला, दोन पायऱ्या चढला आणि थांबला. चेहरा पुन्हा गोड झालेला होता.

"साडूबुवा, एक बारीकसं काम होतं," तो म्हणाला. "त्या पहिल्या पायरीवर लोक अडखळतायत. रोज तक्रारी येतात, समिती म्हणते सरळ करा. मला तर ती फाइलच उघडता येत नाही. तेवढी दोन सेंटिमीटर वर घेऊन देता का? घाई नाही. गुरुवारी आलो तर चालेल?"